धुऱ्यापलीकडून आलेलं जनुक

प्रश्न : काटोल तालुक्यात माझी एकरभर ‘सूरज’ पऱ्हाटी आहे, बियाणं घरचंच राखतो. धुऱ्याला लागून शेजाऱ्यानं चोरबीटी (तणनाशक सहन करणारा, मंजुरी नसलेला बीटी कापूस) लावलं. ते जनुक माझ्याकडे येईल का? दाद कुठे मागायची?

उत्तर : येऊ शकतं. कापसाचे परागकण जड, चिकट असतात. ते वाऱ्यानं नाही, मधमाश्यांमार्फत येतात. यंदाच्या रुईत फरक पडणार नाही. संकर होतो सरकीत, म्हणजे दोष उगवेल पुढच्या हंगामात. देशी कापूस असता तर एवढी काळजी नव्हती. ‘सूरज’ अमेरिकन कापूस आहे, चोरबीटीशी त्याचा सहज संकर होतो.

जीएम (जनुक बदललेल्या) कापसाच्या चाचणी-प्रयोगाभोवती ५० मीटर अंतर राखतात. एकराचं चौकोनी वावर जेमतेम ६४ मीटर लांब. म्हणून बियाण्यासाठी त्या धुऱ्यापासून सर्वांत लांबच्या तासांतलाच (ओळींतलाच) कापूस वेचा आणि वेगळा रेचून घ्या; जिनिंगमध्ये सरकी हमखास मिसळते.

मग ३०० दाणे रुजवा. दहा-दहा रोपांचे पानाचे तुकडे एकत्र कुटून तपासणी-किटच्या द्रावणात घोळा आणि ‘सीपी४ ईपीएसपीएस’ची (तणनाशक सहन करवणाऱ्या प्रथिनाची) पट्टी बुडवा. अशा ३० पट्ट्या लागतील (एका पट्टीला दहा रोपं चालतात का, ते किटच्या माहितीपत्रकात आधी पाहा). दोन रेघा म्हणजे जनुक आहे. पट्टी नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण रेघच उमटली नाही तर पट्टी बाद. एक टक्का भेसळ ३०० दाण्यांत सापडण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. चार पानं तपासून बियाणं शुद्ध ठरवू नका. आणि ही पट्टी तेवढं एकच प्रथिन ओळखते. बीटीसाठी ‘क्राय१एसी’ची (बोंडअळी मारणाऱ्या प्रथिनाची) वेगळी घ्यावी लागते.

दाद मागण्याचं मात्र अवघड आहे. पर्यावरण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांनुसार जीईएसीच्या (जीएम पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय समितीच्या) मंजुरीवाचून जीएम पीक पर्यावरणात सोडायला, अगदी अजाणताही, बंदी आहे. चोरबीटीला ती मंजुरी नाही. पण १९६६चा बियाणे कायदा विक्रीच्या बियाण्याचा; तुमच्या सरकीत शिरलेलं जनुक त्यात बसत नाही. पर्यावरण कायद्याखालचा दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती काही येत नाही. हरित लवादाकडे भरपाई मागता येते, पण जनुक त्याच वावरातून आलं हे तुम्हालाच दाखवावं लागेल, आणि आजूबाजूला चार जणांनी चोरबीटी लावलं असेल तर ते कसं दाखवणार? ही उणीव आम्हाला सर्वांत जास्त खटकते.

म्हणून पीक उभं असतानाच तारखेसह फोटो काढा, जिल्हाधिकाऱ्यांना १९८९च्याच नियमांखालच्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष या नात्यानं लेखी अर्ज द्या, प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना. दोन्हींची पोच घ्या.