व्यंकटेश माडगूळकरांची शैली आकाशवाणीने घडवली का?

आपला प्रश्न असा आहे की, व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ नोकरी केली, तेव्हा त्यांची ती आटोपशीर, बोलल्यासारखी वाक्ये रेडिओने घडवली असे म्हणता येईल का. हे मत मी अनेकदा ऐकले आहे, आणि काही वर्षे एका आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलेले असल्यामुळे एके काळी ते मला पटतही असे. परंतु सनावळी पाहिली की ते टिकत नाही.

‘माणदेशी माणसं’ हे व्यक्तिचित्रांचे पुस्तक १९४९ सालचे आहे. माडगूळकरांचा जन्म १९२७ चा, म्हणजे त्या वेळी त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. पुण्याचे केंद्रच मुळी २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि माडगूळकर तिथे रुजू झाले ते १९५५ मध्ये, ज्या वर्षी ‘बनगरवाडी’ ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी. (थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांच्या गीतरामायणाचे प्रसारणही याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाले होते.) शैली आधीच तयार होती, ती घेऊनच ते आकाशवाणीत गेले.

मग ती आली कुठून? माझ्या मते माणदेशातून आणि मोडलेल्या शिक्षणातून. माडगूळ हे आटपाडीजवळचे, तेव्हाच्या औंध संस्थानातले दुष्काळी मुलखातले गाव. बेचाळीसच्या चळवळीत त्यांची शाळा सुटली, पुढे त्यांनी खेड्यात मास्तरकी केली, आणि त्यामुळे पुस्तकी मराठीचे वळण पक्के होण्याआधीच धनगर, रामोशी, बलुतेदार यांचे बोलणे त्यांच्या कानात मुरले. ते चित्रेही काढत असत. मोजक्या रेषांत माणूस उभा करण्याची सवय त्यांच्या गद्यातही दिसते.

हे मला समजले ते कामाच्या ओघात. उद्घोषकाला वाचायची संहिता सुट्या पानांवर असते, कारण टाचलेले पान उलटताना होणारा आवाज ध्वनिक्षेपक लगेच पकडतो, आणि वाचण्यापूर्वी जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून ठेवाव्या लागतात. विद्वान लेखकांच्या भाषणांत क्रियापद चौथ्या ओळीवर भेटायचे आणि माझे पान रेघांनी भरून जायचे. एकदा सरावासाठी म्हणून ‘माणदेशी माणसं’मधली दोन पाने मोठ्याने वाचायला घेतली, तर पेन्सिल हातात तशीच राहिली. जिथे श्वास संपत होता तिथेच वाक्य संपत होते. रेडिओच्या श्रोत्याला मागचे पान पुन्हा पाहता येत नाही, म्हणून आम्हांला जे प्रयत्नाने शिकावे लागले, ते हा लेखक ध्वनिक्षेपकासमोर बसण्यापूर्वीच करत होता.

याचा अर्थ नोकरीने काहीच दिले नाही, असा मात्र नाही. पुण्यात राहूनही खेड्याशी रोजचा व्यवहार राहिला, ही माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोठी गोष्ट. ‘बनगरवाडी’तला राजाराम मास्तर सरकारी कामावर आलेला, चार बुके शिकलेला आणि गावात परका असतो, गावाची कामे अंगावर घेत घेत तो त्यांचा होतो, तालीम बांधायला सगळी वाडी राबते, आणि शेवटी दुष्काळ ती वाडी रिकामी करतो. ग्रामीण कार्यक्रम करणाऱ्या माणसाची जागाही अशीच, सरकार आणि शेतकरी यांच्या मधली. ती जागा माडगूळकरांनी आधी जगून पाहिली होती आणि लिहिलीही होती, म्हणून ही नोकरी त्यांना उपरी झाली नसावी, असे मला वाटते.

आणखी एक पुरावा आपण पाहावा. ‘सत्तांतर’ या ज्या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती वानरांच्या टोळ्यांची आहे, आणि ही वानरे माणसांसारखी बोलत नाहीत. बोलीवर एवढी हुकमत असलेल्या आणि इतकी वर्षे आवाजाच्या माध्यमात काढलेल्या लेखकाने संवादाचा आधारच काढून घेतला, आणि टोळीतली सत्तेची झुंज केवळ हालचाली, जखमा, झाडे आणि ऋतू यांतून उभी केली. ‘बनगरवाडी’ आपण वाचलीच असेल, तर यानंतर हीच घ्यावी आणि तिचे पहिले प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे.