दुखापतीची सवलत आणि दमलेले गडी

प्रश्न : आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत बदली खेळाडूंच्या संख्येवर आम्ही मर्यादा घातली, मात्र जखमी गड्याच्या जागी आलेला खेळाडू तीत मोजायचा नाही, असे ठरवले. तेव्हापासून दमलेला प्रत्येक चढाईपटू गुडघा धरून बसू लागला आहे. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगमध्येही बदलांवर मर्यादा असल्याचे वाचले. तेथे यावर काय उपाय करतात?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमचे चढाईपटू एकटे नाहीत. रग्बी लीगमध्ये प्रत्येक संघाचे १३ खेळाडू मैदानात असतात आणि बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, त्यामुळे तेथे मोजले जातात ते बदल. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल स्पर्धेत ही मर्यादा २००१ मध्ये १२, २००८ मध्ये १० आणि २०१६ पासून ८ अशी उतरत गेली. धिप्पाड आघाडीपटूंचा दम निघावा आणि चपळ खेळाडूंना वाव मिळावा, हा तिचा हेतू. पण मर्यादा जितकी आवळली, तितकी न मोजल्या जाणाऱ्या बदलाची किंमत वाढली.

असा बदल प्रामुख्याने डोक्याला मार लागल्यावर मिळतो. तपासणीसाठी बाहेर गेलेला खेळाडू १५ मिनिटांत परतला, तर तो बदल हिशेबात धरला जात नाही. दमछाक झालेल्या आघाडीपटूला पंधरा मिनिटांची विश्रांती फुकट मिळत असेल, तर प्रशिक्षकाला मोह होणारच. म्हणूनच हा निर्णय केवळ संघाच्या डॉक्टरवर न सोडता स्वतंत्र डॉक्टरांकडेही सोपवण्यात आला. दुसरी युक्ती अधिक उघड होती. प्रतिस्पर्धी जोरात असताना एखाद्याने जमिनीवर पडून राहायचे, संघाच्या मदतनीसाने खेळ थांबवण्याची विनंती करायची आणि तेवढ्यात साऱ्यांनी श्वास घ्यायचा. २०२१ मध्ये नियम आला, की अशा विनंतीवरून खेळ थांबला तर त्या खेळाडूला बदलावे तरी लागेल किंवा त्याने दोन मिनिटे बाहेर तरी राहावे. माझ्या मते हा उपाय सर्वांत शहाणपणाचा आहे, कारण त्यात कोणाचे दुखणे खरे हे पंचाला ओळखावे लागत नाही.

तुम्हीही सवलत रद्द करू नका, कारण तसे केल्यास खरोखर जखमी झालेला मुलगा बदल वाचवण्यासाठी लंगडत खेळत राहील. त्याऐवजी न मोजलेल्या बदलाने बाहेर गेलेला गडी त्या डावात परतणार नाही, असे ठरवावे. ज्याचा गुडघा खरोखर दुखावला आहे त्याचे यात काही जात नाही, आणि जो केवळ दमला आहे त्याचा संघ आपला मुख्य चढाईपटू गमावतो. डोक्याला मार लागला असेल, तर मात्र त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवूच नये, मग तो कितीही विनवण्या करो. वाळून दगड झालेल्या काळ्या मातीच्या मैदानावर हा धोका लहान नसतो. हा नियम सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवावा आणि त्याची नोंद गुणलेखकाकडे ठेवावी.