पालिकेच्या कामांवर नगराध्यक्षांचे फोटो: खर्च कोणाचा आणि जाब कोणाला विचारायचा?

तुम्ही विचारलंय की घंटागाडीपासून गटाराच्या भूमिपूजनापर्यंत सगळीकडे नगराध्यक्षांचा फोटो असतो, तो खर्च आपल्या करातून होतो का आणि सामान्य माणसाने जाब विचारायचा कोणाला.

होतो. सगळा नाही, पण होतो. मी स्वतः कागद बघितलेत म्हणून लिहितोय.

आमची नगरपरिषद क वर्ग, नाव सांगत नाही, मला अजून तिथेच राहायचंय. पाणी एक दिवसाआड, उन्हाळ्यात तर कधी येईल त्याचा नेम नाही, आणि अशात एका आठवड्यात सगळ्या चौकांत नगराध्यक्ष साहेबांचे हात जोडलेले फ्लेक्स लागले. आमच्या ताईचे मिस्टर, म्हणजे दाजी, साहेबांच्या गटातले. ताईकडे जेवायला बसलो असताना मी सहज म्हणालो की नळाला पाणी नाही आणि फ्लेक्सला पैसे आहेत. तर दाजी म्हणाले, "साहेब स्वतःच्या खिशातनं लावतात, पालिकेचा एक रुपया नाही त्यात. तुम्हा शिकलेल्यांना नुसती नावं ठेवता येतात." ताईने लगेच विषय बदलला, पण ते "शिकलेल्यांना" माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मग माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, की मागच्या वर्षी प्रसिद्धी आणि जाहिरातीवर किती खर्च झाला. उत्तर वेळेत आलं, अगदी नम्र भाषेत, आणि त्यात फक्त पेपरात दिलेल्या निविदा सूचनांचा खर्च. खोटं काहीच नव्हतं हो! त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या त्या खात्यावर, खरंच तेवढंच होतं. हे नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक इथेच गप्प बसतात. फोटोचा खर्च "प्रसिद्धी" नावाच्या खात्यात कधीच सापडत नाही, तो स्वच्छता जनजागृतीत असतो, उद्घाटन-कार्यक्रम खर्चात असतो, मंडप-स्पीकरच्या बिलात असतो, नाहीतर "इतर किरकोळ"मध्ये. स्वच्छ भारतच्या जनजागृतीला वेगळा निधी येतो, आणि तो लोकांनी कचरा वेगळा करावा म्हणून असतो, साहेबांचा चेहरा पाठ व्हावा म्हणून नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी माहिती मागितलीच नाही, रेकॉर्ड बघायला मागितलं. राज्य शासनाचं 2018 चं परिपत्रक आहे, स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. लेखा विभागातल्या भाऊसाहेबांनी आधी "कशाला एवढा त्रास घेता, काय पाहिजे ते तोंडी सांगा" केलं, मग प्रमाणकांचा, म्हणजे व्हाउचरांचा, गठ्ठा आणून टेबलावर आपटला. त्यात एक बिल होतं, "स्वच्छता जनजागृती फ्लेक्स, 10 बाय 8, नग 40", रक्कम 38,400. आता काम झाल्याचा पुरावा म्हणून बिलाला फोटो जोडलेला असतो, आणि सगळी गंमत तिथेच होती. फोटोत आख्ख्या फ्लेक्सभर साहेब, वर सोनेरी अक्षरांत "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा", दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांचे टिकल्यांएवढे चेहरे, आणि सगळ्यात खाली बोटभर हिरव्या पट्टीत "ओला कचरा सुका कचरा वेगळा ठेवा". ती पट्टी म्हणजे जनजागृती. खाली लेखापालांची सही, मुख्याधिकाऱ्यांची सही, "बिल अदा करण्यास हरकत नाही". मी झेरॉक्स मागितली तर भाऊसाहेब स्वतःच तो फोटो बघून खुदकन हसले.

आता जाब कोणाला. आपल्याकडे लोक चौकात नगराध्यक्षाला शिव्या घालतात आणि घरी जातात, त्याने काही होत नाही. अधिकाऱ्याला विचारा, तो म्हणणार सभागृहाचा ठराव आहे. नगरसेवकाला विचारा, तो म्हणणार प्रशासनाने परस्पर केलं, आम्हाला माहितीच नाही. म्हणून थेट ठराव मागा. ठरावावर सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन नगरसेवकांची नावं असतात, ती काढा आणि त्यांच्याच वॉर्डातल्या ग्रुपवर टाका. मी टाकली. आमच्या ठरावाचा अनुमोदक विरोधी गटाचा निघाला, जो बाहेर या फ्लेक्सबाजीवर भाषणं ठोकत होता! आणि विषयपत्रिकेशी ताडून बघायला विसरू नका, असले खर्च बहुतेक "ऐनवेळच्या विषयात" घुसवलेले असतात म्हणजे कोणी आधी वाचायला नको. ठराव अजून अंमलात आला नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 308 खाली त्यांना ठरावाला स्थगिती देता येते. पैसे गेल्यावर धावून उपयोग नाही.

पैसे गेलेच असतील तर स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल मागा. तो कोणीच वाचत नाही आणि सगळ्यात जास्त मसाला त्यातच असतो. "आक्षेपाधीन रक्कम" (ज्यावर लेखापरीक्षकाने हरकत घेतली ती) आणि "वसूलपात्र रक्कम" (जी परत वसूल करायची ती) हे दोन शब्द शोधायचे, बाकीचं चाळलं तरी चालतं. मी बिल, फोटो आणि ठराव जोडून लेखापरीक्षकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, आणि पुढच्या अहवालात ते बिल आक्षेपाधीन म्हणून आलं. वसूल झालं का? नाही. पालिकेचं "अनुपालन सादर करण्यात येईल", म्हणजे आक्षेपाला उत्तर देऊ, एवढंच चालू आहे.

आणि कोणी म्हणालं की फोटो लावायला बंदी थोडीच आहे, तर त्याला सांगा की सरकारी जाहिरातींवर सुप्रीम कोर्टाचा 2015 चा निकाल आहे. पहिल्यांदा फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश एवढ्यांचेच फोटो चालतील म्हणाले होते, 2016 मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री यांना सूट मिळाली. नगराध्यक्ष त्या यादीत कुठेच नाहीत, आणि ती मार्गदर्शक तत्त्वं स्थानिक संस्थांनाही धरून आहेत.

बरं, आता दाजींच्या बाजूने पण बोलतो, नाहीतर ते हे वाचून परत चिडतील. चौकातले बरेच फ्लेक्स खरंच कार्यकर्त्यांच्या पैशातले असतात. पण म्हणून प्रश्न संपत नाही. तिथे परवानगी आणि शुल्काची पावती मागा. विनापरवाना फलक लावणं 1995 च्या मालमत्ता विद्रूपण कायद्यात गुन्हा आहे, आणि साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर हायकोर्टाने जानेवारी 2017 मध्ये बेकायदा होर्डिंगवर चांगला लांबलचक निकाल दिलाय. शुल्क न भरता लावलेला फ्लेक्स म्हणजे पालिकेचं बुडलेलं उत्पन्नच की. फक्त घोळ असा आहे की कारवाई करायची ती पालिकेनेच, म्हणजे ज्याचा फोटो आहे त्याच्याच हाताखालच्या माणसाने शिडी लावायची.

दाजींना मी ती झेरॉक्स दाखवली तेव्हा म्हणाले, "38 हजार म्हणजे काय मोठी रक्कम आहे का?" आधी एक रुपया नव्हता, आता मोठी रक्कम नाही. आणि वर "कामं करतात ना, मग फोटो लावला तर बिघडलं कुठं". दाजी, कामं करायलाच निवडून दिलंय हो, आणि काम ज्या पैशाने झालं त्यात तुमची पण घरपट्टी आहे.

काही गोष्टी राहिल्या. अर्जात "का" विचारू नका, तुम्हाला कारण नाही, कागद मिळतो, म्हणून ठराव, टिपणी (खर्चाचा कार्यालयीन प्रस्ताव), कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा आदेश), बिल, प्रमाणक असं नाव घेऊन मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतात. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, आणि उशिरा दिलेली माहिती माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7(6) प्रमाणे फुकट द्यावी लागते, हे त्यांना आठवण करून द्यावं लागतं. तुमच्याकडे महानगरपालिका असेल तर कायदा 1949 चा, तिथे ठराव निलंबित करणं शासनाच्या हातात आहे, कलम 451. प्रशासक असतानाच्या काळातला खर्च असेल तर सूचक-अनुमोदक सापडणार नाहीत, तिथे मूळ टिपणी मागा, सगळ्या सह्या तिच्यावरच असतात.

आणि एकट्याने करू नका. 2010 साली तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींचा खून झाला, जमिनींची प्रकरणं बाहेर काढणारा माणूस होता तो. फ्लेक्सच्या बिलासाठी कोणी त्या थराला जाईल असं मला वाटत नाही, पण चार जणांनी चार अर्ज टाकलेले बरे. त्या चौघांत अर्ज मागे घ्यायचे पैसे घेणारा एकही नको, अशा लोकांमुळेच खिडकीवर आपल्याकडे संशयाने बघतात. पोच घ्या, आवक नंबर टाकून घ्या, नंबर नसेल तर अर्ज दिलाच नव्हता म्हणतात.