न्यू जर्सीत स्ट्राइप्ड बासच्या ट्रोलिंगसाठी रॉड आणि रील कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की एडिसनला राहता, मित्राने २२ फुटी बोट घेतली आहे, येत्या एप्रिल-मेमध्ये रॅरिटन बेमध्ये ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासे धरायला) जायचंय, आणि दुकानात रॉडवर छापलेले पौंडांचे आकडे बघून काहीच उमगेना. घरी किनाऱ्यावरून टाकायचं स्पिनिंग रील आहे, ते चालेल का, असंही विचारलंय. मी याच उपसागरात आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या सँडी हुकच्या बाहेर ट्रोलिंग करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे रॉड माशाच्या वजनावरून निवडू नका. पाण्यातून काय ओढणार आहात ते आधी ठरवा, रॉड त्यावरून ठरेल. स्ट्राइप्ड बास (इथे सगळे स्ट्रायपरच म्हणतात) चाळीस पौंडांचा लागला तरी साध्या मध्यम रॉडवरही येतो. १९८२ साली अटलांटिक सिटीला ७८ पौंड ८ औंसांचा स्ट्रायपर मिळाला होता, तोसुद्धा किनाऱ्यावरच्या दगडी बांधावरून, हातातल्या रॉडवर. ट्रोलिंगमध्ये रॉडची कसोटी लागते ती मासा लागायच्या आधी. तासन् तास शिसं, पत्रा आणि पाण्याचा रेटा हे सगळं त्याला तोलून धरायचं असतं. त्या ओझ्यानेच रॉड पूर्ण वाकला, तर मासा लागल्यावर त्याच्यात द्यायला काहीच उरत नाही.

वसंतात बंकर (मेनहेडन) या लहान माशांचे थवे खाडीत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे स्ट्रायपर येतात. त्या वेळी इथे ट्रोलिंगला मुख्यतः दोन गोष्टी वापरतात, मोजो आणि बंकर स्पून. दोघांचे रॉड एकमेकांच्या अगदी उलट असतात. दुकानात 'स्ट्रायपर ट्रोलिंग रॉड' एवढंच मागितलं की गोंधळ होतो तो यामुळेच.

मोजो म्हणजे शिशाचं मोठं डोकं, १६ पासून ३२ औंसांपर्यंत, आणि त्यावर नऊ-बारा इंची रबरी मासा. बहुतेक वेळा एक जड आणि एक हलका असे दोन एकाच जोडणीवर असतात. त्यासाठी सहा ते साडेसहा फुटांचा, ३०-५० पौंड ताकदीच्या लाईनचा (रॉडवर छापलेले आकडे ते हेच) आखूड, दणकट रॉड घ्या. खालचा भाग ताठ हवा, टोकाला मात्र थोडी लवचिकता हवीच. पूर्ण ताठ रॉड, न ताणणारी ब्रेडेड (धाग्यांची विणलेली) लाईन आणि तीन नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने चाललेली बोट असं तिन्ही एकत्र आलं, तर धक्का थेट माशाच्या जबड्यावर बसतो, गळाचं भोक फाटत जातं आणि मासा बोटीजवळ येऊन सुटतो. म्हणून मी निव्वळ ग्रॅफाइटपेक्षा फायबरग्लासचा किंवा दोन्ही मिसळलेला रॉड सुचवेन. तो वजनाला थोडा जड लागतो, पण ट्रोलिंगमध्ये रॉड हातात कुठे धरायचा असतो? तो होल्डरमध्येच असतो.

बंकर स्पून हे वेगळंच प्रकरण आहे, आणि मला मनापासून आवडणारं. लांब, रुंद पत्र्याचा हा चमचा पाण्यात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला संथ लयीत झुलत जायला हवा. ती लय रॉडच्या टोकाने सांभाळायची असते, म्हणून इथे आठ-नऊ फुटांचा, मऊ, जवळजवळ मुठीपर्यंत वाकणारा रॉड लागतो. स्पून नीट चालत असला की टोक सावकाश पुढे जातं, मागे येतं, पुढे जातं, मागे येतं. बोट जराशी जास्त वेगाने गेली तरी ते डुलणं लगेच अडखळतं. टोक नुसतंच वाकून थरथरायला लागलं, तर वेग जास्त झालाय. डुलणं थांबून टोक जड होऊन स्थिर राहिलं, तर गळाला शेवाळ अडकलंय, ताबडतोब गुंडाळून साफ करा. हे सगळं फक्त मऊ रॉडच सांगतो. मोजोच्या ताठ रॉडवर स्पून लावला तर त्याचं झुलणं दबतं आणि तुम्हाला कळतही नाही.

स्पून खोल न्यायला बहुतेक जण तारेची लाईन वापरतात, ४०-५० पौंडांची मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) किंवा स्टेनलेस स्टील. ढोबळ हिशोब असा, की शंभर फूट तार सोडली की स्पून साधारण दहा फूट खाली जातो. म्हणून शंभर, दीडशे आणि दोनशे फुटांवर तारेला रंगीत खुणा करून ठेवतात. तार वापरणार असाल तर रॉडच्या कड्या (ज्यांतून लाईन जाते त्या) बघूनच घ्या. साध्या कड्यांमध्ये तार हळूहळू खाच पाडते, आणि मग तीच खाच तारेला कापते. सिलिकॉन कार्बाइडसारख्या कठीण कड्या किंवा निदान टोकाला तसलंच कडं हवं. तार सोडताना अंगठा सतत स्पूलवर, म्हणजे रीलच्या लाईन गुंडाळलेल्या रिळावर, ठेवा. सैल पडली की ती स्पूलवरून उसळते, तिला पीळ पडतो, आणि पीळ पडलेल्या जागी ती आज ना उद्या तुटणारच.

आता रील. स्पिनिंग रील ट्रोलिंगला नको. त्याच्यावर सतत ओझं राहिलं की लाईनला वळ पडतात, आणि तार तर त्यावर गुंडाळताच येत नाही. पण ते बोटीवर जरूर न्या, बंकरचा थवा पृष्ठभागावर उसळला की तेच उपयोगी पडेल. ट्रोलिंगला आडव्या स्पूलचं, पारंपरिक पद्धतीचं रील घ्या. मोजोसाठी लाईन मोजणारं, म्हणजे काउंटरवालं रील उत्तम, शिमानो टेकोटा किंवा दाइवा सॉल्टिस्ट यांच्यासारखं. एका रॉडला मासा लागला की किती फूट सोडली होती ते बघायचं आणि दुसराही तेवढाच सोडायचा. त्यावर ५० ते ६५ पौंडांची ब्रेडेड लाईन भरा. ती पातळ असल्याने पाणी कमी अडवते आणि मोजो लवकर खाली जातो.

तारेला मात्र काउंटर नको आणि लाईन आपोआप पसरवणारी यंत्रणाही नको, तार त्यात अडकते. त्यासाठी पेन सेनेटरचं ४/० किंवा ६/० आकाराचं साधं, जुनं रील घ्या. पेन कंपनी हे रील १९३६ पासून बनवत आली आहे, त्यामुळे वापरलेलं सहज मिळतं, आणि उघडून दुरुस्त करायलाही सोपं आहे. फक्त स्पूल धातूचा आहे ना, हे बघून घ्या. गिअरचं गुणोत्तर कमी असलेलं बरं. वेगाने गुंडाळणाऱ्या रीलवर जड ओझं ओढताना मनगटाची वाट लागते.

तुम्ही अलिबागला सुरमईचं ट्रोलिंग केलंय म्हणालात, त्यामुळे दोन फरक सांगतो. सुरमईला बोट बरीच वेगात ठेवतात. इथे अडीच ते साडेतीन नॉटच्या पुढे जाऊ नका. आणि सुरमईच्या दातांसाठी गळाजवळ तारेचा तुकडा लावायची सवय असेल, तर ती इथे सोडा. स्ट्रायपरला कापणारे दात नसतात, ६०-८० पौंडांचा जाड मोनो (एकपदरी नायलॉनची लाईन) पुरतो.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाईन सुटू देणारा रीलचा ब्रेक, लाईनच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर ठेवा आणि वजनकाट्याने मोजून ठेवा, हाताच्या अंदाजावर नको. क्लिकर (लाईन सुटताना कर्रकर्र वाजणारी कळ) चालू राहू द्या. रॉडच्या बुडाला होल्डरच्या पिनेत बसणारी खाच हवी, आणि प्रत्येक रॉड दोरीने बोटीला बांधलेला हवा.

हलका रॉड घेऊन 'मजा' घ्या असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, हे मी आग्रहाने सांगतोय. सध्याच्या नियमाप्रमाणे इथे २८ ते ३१ इंचांमधला एकच मासा रोज ठेवता येतो. म्हणजे मे महिन्यात लागणारे मोठे मासे, त्यातही अंड्यांवर येणाऱ्या माद्या, सोडून द्यायच्याच असतात. हलक्या रॉडवर वीस मिनिटं झुंजलेली मादी पाण्यात परत सोडली तरी जगेलच याची खात्री नसते. १९८०च्या दशकात ही जात इतकी घटली होती की मेरीलंडने १९८५ ते १९९० तिची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. जड रॉडवर मासा लवकर हाताशी येतो, बोटीशेजारी पाण्यातच गळ काढता येतो. गॅफला (मासा उचलायच्या आकड्याला) बंदी आहे, त्यामुळे रबरी जाळीचा मोठा हातजाळा घ्या. तीन मैलांच्या पलीकडे समुद्रात स्ट्रायपर धरायलाच मनाई आहे. नियम बदलत असतात, जाण्याआधी न्यू जर्सीच्या मत्स्य विभागाचं ताजं पत्रक बघून घ्या.

पहिल्याच वर्षी सहा रॉड घेऊ नका. २२ फुटी बोटीवर नवख्या माणसांनी दोनच चालवावेत, वळताना गुंता होत नाही. माझं मत विचाराल तर यंदा मोजोचे दोन एकसारखे रॉड, काउंटरवाली दोन रीलं आणि ब्रेडेड लाईन घ्या. तारेचा आणि स्पूनचा खर्च पुढच्या वसंतावर ठेवा, तोवर बोट संथ आणि सरळ चालवायचा हात बसलेला असेल. घरी आल्यावर रीलवर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करा, जोराचा फवारा मारलात तर मीठ आत शिरतं. आणि ठेवून देताना ड्रॅग सैल करा.