तीन महिने झाले, तरी टेबल कळेना

"मॅडम, जॉइन होऊन तीन महिने झाले. अजून मला काही समजून नाही राहिलं. सोडून देऊ का?"

मी समुपदेशक आहे, हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो. कधी बँकेतून, कधी जिल्हा परिषदेतून आणि आता बऱ्याचदा विद्यापीठांतून. नागपुरात विद्यापीठं काही कमी नाहीत. १९२३ सालचं जुनं आहे, पशुवैद्यकाचं आहे, विधीचं आहे, शिवाय खाजगी. यातलं कोणतं ते सांगणार नाही. मुलीची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

वय सत्तावीस, एमएस्सी, भंडारा जिल्ह्यातल्या एका गावची. चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्यावर कनिष्ठ लिपिकाची जागा मिळाली. वडिलांनी गावभर पेढे वाटले. नोव्हेंबरमध्ये ती आस्थापना विभागात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा-नोंदी सांभाळणाऱ्या विभागात, रुजू झाली आणि फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या बजाजनगरच्या खोलीवर आली, तेव्हा राजीनाम्याचा कागद लिहून पर्समध्ये ठेवलेला होता. तारीख तेवढी टाकायची बाकी.

रात्री झोप नाही. सकाळी पोटात गोळा. बर्डीला मेट्रो बदलताना फलाटावरच्या बाकावर बसून ती दोन-दोन गाड्या जाऊ द्यायची. पहिल्या दोन भेटींत मी शिकलेलं तेच केलं. श्वासाचा व्यायाम दिला, झोपेची नोंद ठेवायला सांगितली, रात्री मोबाइल दूर ठेव म्हटलं. तिने सगळं इमानेइतबारे केलं. झोप थोडी सुधारली, बाकडं काही सुटलं नाही.

तिसऱ्या भेटीत ती स्वतःच निदान घेऊन आली. "मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे, इन्स्टावर वाचलं." हा शब्द हल्ली चिवड्यासारखा वाटला जातो. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी ती कल्पना मांडली ती कर्तबगार बायकांबद्दल. काम उत्तम येतं, लोकही मानतात, तरी आपण तोतये आहोत आणि एक दिवस उघडे पडू, असं ज्यांना वाटतं त्यांच्याबद्दल. हिचं तसं नव्हतं. हिला काम खरोखरच येत नव्हतं, कारण ते कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या आधी त्या टेबलावर बसणारे गृहस्थ निवृत्त होऊन वर्ष झालेलं. मधल्या काळात ते काम दोघा-तिघांनी वाटून ओढलं. ती आली तेव्हा तिच्यासमोर कपाटाची किल्ली आणि फाइलींचे तीन गठ्ठे ठेवले, आणि "बसा" म्हटलं.

मग मी तिला म्हटलं, मनाचं राहू दे, मला एका दिवसाचं सांग. पोचल्यापासून निघेपर्यंत, कोणाशी काय बोललीस तेही.

तिचा दिवस ऐकून मीच गप्प झाले. सबंध दिवसात तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. कालही नाही, परवाही नाही. जानेवारीपासून नाही.

जानेवारीत काय झालं? तिच्याकडे रजेचे हिशेब होते. राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे कार्यालयीन कर्मचाऱ्याच्या खात्यावर १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ दिवस अर्जित रजा आगाऊ जमा होते. हिने रात्री जागून नियम वाचला आणि एका प्राध्यापकांच्या खात्यावरही १५ दिवस टाकून दिले. ज्यांना उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी मिळते त्या शिक्षकांचा हिशेब वेगळा असतो, हे त्या पानावर नव्हतं. मोठ्या बाबूंनी ते पाहिलं आणि भर खोलीत म्हणाले, "एमएस्सी झाली न् एवढं बी नाही समजत?" खोलीत नऊ माणसं होती. दोघं हसली.

त्या दिवसापासून तिने ठरवलं की आता विचारायचं नाही, आपलं आपण शोधायचं. त्यात दुसरी भीती मिसळली. तीन महिने झाल्यावर इतका साधा प्रश्न कसा विचारायचा? पहिल्या आठवड्यात विचारला असता तर चाललं असतं. म्हणजे न विचारलेल्या प्रत्येक दिवशी पुढचा प्रश्न आणखी महाग होत होता, आणि ही भाववाढ फक्त तिच्या डोक्यात चालली होती. मोठे बाबू तर तो प्रसंग संध्याकाळपर्यंत विसरलेही असतील.

"डबा कुठे खातेस?" मी सहज विचारलं.

"माझ्या टेबलावरच. काम अर्धवट टाकून सगळ्यांत कशी बसू?"

हे मला पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. सरकारी म्हणा, विद्यापीठाचं म्हणा, आपल्याकडचं कार्यालय दीड वाजता डब्याभोवती शिकवतं. टिपणीत कोणता शब्द घातला की फाइल परत येते, अकाउंटमध्ये कोणाकडे फाइल आठवडाभर पडून राहते, कोणत्या साहेबांकडे सकाळी जायचं आणि कोणाकडे चहानंतर, हे कोणत्याही परिपत्रकात नसतं. ते वांग्याच्या भाजीसोबत मिळतं.

तर मी तिला श्वासाऐवजी डबा दिला. घरून दोन पोळ्या जास्त ने आणि जाऊन बस. बोलायची गरज नाही, ऐक.

एक वही करायला सांगितली. तिच्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद कुठून आला, कोणाच्या सहीने पुढे गेला आणि परत आला तर कशासाठी आला, एवढंच त्यात लिहायचं. आणि विचारायची रीत बदलायची. "हे कसं करायचं?" म्हटलं की समोरच्याला वाटतं आपलं काम वाढलं. "मी इथपर्यंत केलं, नियम हा लावला, पण इथे अडलं, बरोबर आहे का?" म्हटलं की त्याला नुसतं हो-नाही म्हणायचं असतं. आपली माणसं दुसऱ्याची चूक सांगायला नेहमी तयार असतात, त्याचा फायदा घ्यावा.

पहिला प्रश्न मोठ्या बाबूंना नाही, शिपाईकाकांना विचार, असंही म्हटलं. अठ्ठावीस वर्षं फाइली वाहणाऱ्या माणसाला वाट ठाऊक असते. तिने विचारलं. काका म्हणाले, "बाई, हे आधी तिकडं नाही जात जी. अकाउंटची सही झाली का मगच." पाच मिनिटांत तिचा आठवडा वाचला.

मी तिला आणखी दोन गोष्टी थेट विचारल्या होत्या. जीव नकोसा होतो का? ती म्हणाली, नाही, नोकरी नकोशी होते. होकार आला असता, किंवा झोप-जेवण आठवडेच्या आठवडे गेलं असतं, तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. रात्री-अपरात्री कोणी नसेल तेव्हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. दुसरं, टोमणा फक्त कामावरूनच होता का? बाईपणावरून किंवा जातीवरून असता तर डबा आणि वही सांगणं हा अन्याय झाला असता. तिथे तक्रारच करावी लागते.

वडील फोनवर "बेटा, थोडं सहन कर" म्हणायचे. त्यांना कसं सांगणार की पोरगी सहनच फार करत होती.

मेमध्ये, नागपूरचं ऊन डोक्यावर असताना, ती आली ती भांडायलाच. "तुम्ही डब्याचं आधी काहून नाही विचारलं? दोन महिने मी नाकाने श्वास मोजत बसली." मी चूक मान्य केली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिने सगळी रजाखाती पुरी केली. शिक्षकांची वेगळी ठेवली. एक तरीही चुकलंच, आणि मोठे बाबू ओरडलेच.

"मग?"

"मग काय मॅडम. आता ते ओरडले तर मला समजते, कोणत्या नियमावर ओरडून राहिले."