गेमिंगसाठी स्वस्तातला प्रोसेसर

प्रश्न : कापूस विकल्यावर बाबा कॉम्प्युटर घेऊन देणार आहेत. ग्राफिक्स कार्ड पुढच्या हंगामात घेईन. नागपूरच्या दुकानदाराने रायझन ५ ५६००जी आणि कोअर आय३-१२१००एफ असे दोन प्रोसेसर सुचवले. गेम कशावर चांगले चालतील?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : कार्ड वर्षभर येणार नसेल तर ५६००जी घ्या. आय३ च्या नावातला शेवटचा ‘एफ’ पाहा : त्यात ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग) नाही. कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. ५६००जी मध्ये ६ कोर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आणि आतच बसवलेलं वेगा ग्राफिक्स आहे. १०८०पी (फुल एचडी चित्र) वर कमी सेटिंग ठेवलं की व्हॅलोरंट छान पळतं, जीटीए ५ ही खेळता येतो. नव्या मोठ्या गेमसाठी मात्र ७२०पी वर उतरावं लागेल.

खरी मेख रॅममध्ये आहे. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. १६ जीबीची एकच पट्टी लावली तर रॅमचा वेग निम्म्यावर येतो आणि गेम अडखळतो. म्हणून ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, डीडीआर४ प्रकारच्या, ३२०० वेगाच्या. बोर्डावर चार खाचे असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय) सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालते. दुकानदार एका पट्टीचंच बिल करत असेल तर तिथेच थांबवा.

कार्ड आत्ताच घेता येत असेल तर हिशेब बदलतो. आय३ चे कोर चारच, पण एकेक कोर वेगवान. मध्यम कार्डाबरोबर तो बहुतेक गेममध्ये ५६००जी ला मागे टाकतो. ५६००जी ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, तर साध्या, म्हणजे ‘जी’ नसलेल्या ५६०० ची ३२. शिवाय ५६००जी पीसीआय एक्सप्रेस ३ वर (कार्ड जोडायच्या वाटेची जुनी, कमी वेगाची पिढी) थांबतो. आरएक्स ६५०० एक्सटी सारखं चारच लेनचं (डेटाच्या चारच वाटांचं) कार्ड त्यावर बरंच मंदावतं, म्हणून पुढच्या हंगामातही ते कार्ड टाळा.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ३ ३२००जी, बी४५० बोर्ड आणि जीटीएक्स १६५० कार्ड आहे. गेममध्ये मधूनच झटके बसतात. रायझन ५ ५५०० घेऊ की ५६००?
– एक वाचक, समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि कार्ड बरंच खाली असेल तर अडचण ३२००जी च्या चार थ्रेडचीच आहे. १६५० वर ५५०० पुरतो. मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तरच ५६०० साठी जास्त पैसे घाला. दोघांतही ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड काढून कॉम्प्युटर चालवता येणार नाही.

बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करा आणि त्या वेळी कॉम्प्युटर यूपीएसवर असू द्या. अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर बोर्ड सुरूच होत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर लाइन बदलायला वेळ लागतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये दुपारी गेम अर्ध्या तासाने मंदावतो, रात्री नीट चालतो. प्रोसेसर ५६००जी. तो खराब झाला का?
– एक वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. खोलीतली हवा १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच जास्त तापतो. ९५ अंशांच्या मर्यादेला टेकला की तो स्वतःच वेग कमी करतो.

आधी धूळ काढा. घरात कापूस साठवला असेल तर त्याचे तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या भागाच्या) पत्र्यांत नमद्यासारखे बसतात आणि हवा अडते. फुंकणी मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली असेल तर पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. तरीही तापत असेल तर बायोसमध्ये ६५ ऐवजी ४५ वॉटची मर्यादा घाला. गेममध्ये फरक थोडाच पडतो, कारण तिथे बहुतेक वेळा ग्राफिक्सच आधी थकतं.

डेझर्ट कूलरच्या झोतासमोर मात्र कॅबिनेट ठेवू नका. ओल्या हवेने धूळ चिकटते आणि बोर्डाच्या टाक्यांना गंज लागतो. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर, स्टुलावर ठेवा.