बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी: तीन गावांचे प्रश्न

ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे. बागायती कपाशीची वेचणी सुरू झाली आहे आणि कोरडवाहू कपाशी हिरव्या बोंडांवर आहे. या पंधरवड्यात धरणगाव, शिरपूर आणि शहादा भागातून आलेले तिन्ही प्रश्न एकाच किडीचे आहेत, म्हणून उत्तरं एकत्र देत आहे.

धरणगावचा प्रश्न: बियाणं बीटी आहे, तरी अळी कशी? बियाणं बोगस आहे का?

बोगस असेलच असं नाही. बीटी म्हणजे अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारं वाण. शेतात हिरवी (अमेरिकन) बोंडअळी आणि ठिपक्यांची बोंडअळी दिसत नसेल, तर बीटी आपलं काम करते आहे. गुलाबी अळीला मात्र ती आता आवरत नाही. २००२ साली आलेल्या बीटीत क्राय१एसी हे एकच प्रथिन होतं. २००६ पासून त्याच्या जोडीला क्राय२एबी आलं. गुलाबी अळीने आधी पहिलं पचवलं, त्याची नोंद गुजरातेत झाली. पुढे तिने दुसरंही पचवलं. २०१७ च्या हंगामात तिने राज्यभर कपाशीचं जे नुकसान केलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे.

हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो असं बरंच काही खाते. त्यामुळे बीटीची चवही न घेतलेले तिचे पतंग बाहेरून येत राहतात आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होतो. गुलाबी अळी आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच जगते. सगळं शिवार बीटीचं असेल तर टिकतात त्या फक्त बीटी पचवणाऱ्या अळ्या, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. हे टाळण्यासाठीच पाकिटासोबत बिगर-बीटी बियाणं दिलं जायचं. बहुतेकांनी ते बांधावर फेकलं किंवा नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरलं. आता ते मुख्य बियाण्यातच मिसळून येतं.

दुसरं कारण आपल्या संकरित वाणांमध्ये आहे. संकरित झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते. त्यामुळे बोंडातल्या सरकीत साधारण सोळा दाण्यांमागे नऊ दाण्यांत दोन्ही प्रथिनं, सहात एकच आणि एका दाण्यात काहीच नसतं. गुलाबी अळी बोंडाच्या आत एका सरकीतून दुसरीत जाते. तिला विष अर्धंमुर्धं मिळतं, आणि अशा मात्रेतच कीड सोकावते.

शिरपूरचा प्रश्न: चार फवारण्या झाल्या, तरी डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली, गुलाबकळीसारखी फुलं) थांबत नाहीत. जास्त जहाल औषध कोणतं?

औषधाचं नाव नंतर सांगतो, आधी वेळ बघा. अंडी पात्यांवर (कळ्यांवर), फुलांवर आणि बोंडांच्या देठाजवळ असतात. तीन ते सहा दिवसांत अळी निघते आणि लगेच आत शिरते. तिचं छिद्र बुजून जातं, बाहेर विष्ठाही दिसत नाही. एकदा आत गेली की वरून कितीही फवारलं तरी तिला काही होत नाही. डोमकळी दिसते तेव्हा त्या फुलातली अळी तुमच्या हातातून गेलेली असते. त्यामुळे डोमकळ्या तोडून पिशवीत भरायच्या आणि शेताबाहेर नेऊन जाळायच्या. तोडून सरीतच टाकल्या तर केलेले कष्ट वाया जातात.

फवारायचं की नाही हे कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) आणि बोंड, ही दोन साक्षीदारं सांगतात. लक्ष ठेवण्यासाठी एकरी दोन सापळे पुरतात, पतंग गोळा करून मारायचे असतील तर एकरी आठ लावा. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच असावा. ल्युर (सापळ्यातली वासाची गोळी) गुलाबी अळीचीच, म्हणजे पेक्टिनोल्युर किंवा गॉसिप्ल्युर घ्या. हिरव्या अळीची हेलील्युर लावून ‘पतंगच येत नाहीत’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. तंबाखूच्या हाताने ल्युरला शिवू नका. साधारण तीन आठवड्यांनी किंवा पाकिटावर सांगितलं असेल तेव्हा ती बदला. पिशवीला भोक पडलंय का तेही बघत राहा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर फवारणीची मर्यादा ओलांडली असं समजा.

बोंडांची तपासणी मात्र सापळ्यापेक्षाही खरी. एकरात तिरपं चालत वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडा. चिमटीत दाबली तर थोडी दबतील अशी, मध्यम वयाची घ्या. फोडून बघा. आतल्या पाकळीच्या भिंतीवर बारीक नागमोडी रेघ किंवा फोडासारखा उंचवटा, सरकीला भोक, किंवा पांढुरकी-गुलाबी अळी दिसेल. २० पैकी दोन बोंडांत जिवंत अळी सापडली की फवारा. एकही नसेल तर शेजाऱ्याने फवारलं म्हणून तुम्ही फवारू नका.

आता औषधं. प्रादुर्भाव मर्यादेवर असेल तर एकरी २०० लिटर पाण्यातून प्रोफेनोफॉस ५० टक्के ४०० मिली किंवा इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के ८८ ग्रॅम. दोन्हीपैकी एकच घ्या, आणि पुढच्या वेळी तेच परत नको. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड औषधं किंवा त्यांची मिश्रणं नोव्हेंबरच्या आत वापरू नका. त्यांनी पांढरी माशी भडकते, मग पानं चिकट आणि कापूस काळा. टॉनिक, विद्राव्य खत आणि दोन कीटकनाशकं एकाच पंपात कालवणं बंद करा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. उंच, दाट कपाशीत उलट्या वाऱ्याने, उघड्या अंगाने फवारणं तितकंच धोक्याचं आहे.

अजून फुलोऱ्यात असलेल्या उशिराच्या कपाशीत ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रे या, किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाशीची एकरी ६०,००० अंडी कार्डावरून सोडता येतात. कार्ड लावलं की आठवडाभर रासायनिक फवारणी नको, नाहीतर पैसे मातीत.

शहाद्याचा प्रश्न: विहिरीला पाणी आहे, कपाशी फेब्रुवारीपर्यंत ठेवू का?

नको. फरदडीत (हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीत) येतो तो बहुतांश किडका, पिवळा कापूस, आणि त्याच्या बदल्यात अळीला दोन महिने जास्तीचे मिळतात. एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते, हिशेब तुम्हीच करा. डिसेंबरअखेर शेत मोकळं करा आणि पाणी गव्हाला, हरभऱ्याला द्या.

थंडीत अळी सरकीत आणि न उमललेल्या बोंडांत सुप्तावस्थेत जाते. मे-जूनच्या सरींनंतर तिचे पतंग निघतात. तेव्हा शिवारात पात्या नसतील तर ते वंश न वाढवताच मरतात. ठिबकवर मे महिन्यात लावलेली कपाशी जुलैच्या सुरुवातीला पात्या देते आणि नेमका हाच फायदा घालवते. एका शेतातली ही घाई गावभर महागात पडते, कारण तिथे वाढलेले पतंग ऑगस्टमध्ये कोरडवाहू कपाशीवर येतात. राज्यात कपाशी बियाण्याची विक्री उशिरा सुरू करण्यामागे हेच कारण आहे.

पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून बांधावर रचू नका, ती अळीची कोठीच होते. श्रेडरने बारीक करून मातीत गाडा. त्याआधी शेवटची वेचणी झाली की शेळ्या-मेंढ्या चरायला सोडा, उरलेली बोंडं त्या चांगल्या साफ करतात. शेवटच्या औषधाच्या लेबलवर दिलेला थांबण्याचा काळ मात्र उलटलेला हवा. त्याच शेतकऱ्याने वासरांना सरकी चारण्याबद्दलही विचारलं आहे. सरकीतलं गॉसिपॉल मोठी गाय-म्हैस पचवते, लहान वासराला ते बाधतं. रवंथ नीट सुरू होईपर्यंत देऊ नका.

आणि भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवणार असाल, तर मार्चपासून त्या खोलीतही एक कामगंध सापळा टांगा.